कुंकवात अडकलेल्या टाळ्या

एक अक्षरही न बोलता टाळ्या घेतलेला माणूस अख्ख्या मानवत तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आपण, असं अण्णासाहेबांचं ठाम मत होतं. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती. पण नोकरीबद्दल ते कधी चकार शब्द काढत नसत. बोलत ते फक्त त्या एका नाटकाबद्दल. परभणीला कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत त्यांच्या कचेरीने ‘सातबाऱ्यावरचं चांदणं’ नावाचं तीन अंकी नाटक केलं होतं आणि अण्णासाहेब त्यात म्हातारा बाप झाले होते. शेवटच्या अंकात मुलगी कायमची घर सोडून निघते, बाप तिच्या ट्रंकेकडे बघत उभा राहतो आणि मग बोलतो, असा प्रसंग. अण्णासाहेब उभे राहिले, पण बोललेच नाहीत. नाट्यगृह चिडीचूप झालं आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका!

“एक अक्षर बोललो न्हाई मी,” ते सांगत. “नुसता थांबलो. थांबायला जमलं पाहिजे माणसाला.”

हा किस्सा त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितला, बारशात सांगितला, आणि एकदा सांत्वनाला गेले असताना वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून तिथेही सांगून टाकला. त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई जवळपास असल्या तर एवढंच म्हणत, “हो, पडल्या होत्या टाळ्या.” आणि चहाचे कप उचलून आत जात.

तर अशा अण्णासाहेबांना परभणीहून भगवानरावांचा फोन आला. भगवानराव तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. मंडळाने येत्या रविवारी जिल्ह्यातल्या जुन्या हौशी नटांचा सत्कार ठेवला होता. प्रत्येकाच्या कामाची छोटीशी चित्रफीत पडद्यावर दाखवायची आणि लगेच त्याला एकट्याला मंचावर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, असा बेत होता.

“आन ज्याच्याकडं चित्रफीतच न्हाई त्यानं काय करायचं?” अण्णासाहेबांनी जरा चाचरत विचारलं.

“त्यांचा सामूहिक सत्कार,” भगवानराव म्हणाले. “सेलूच्या दिनकररावांनी तर कालच पाठवली बगा त्यांची.”

सामूहिक सत्कार म्हणजे काय, हे अण्णासाहेबांइतकं कुणाला ठाऊक असणार! नोकरीत असताना असे किती सत्कार त्यांनी स्वतः उरकले होते. माणसं रांगेत उभी करायची, हातात एकेक फूल कोंबायचं, फोटोत कडेची चारसहा जणं कापली जायची आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘व इतर’ छापून यायचं. एक अक्षर न बोलता टाळ्या घेतलेला माणूस ‘व इतर’मध्ये जाणार, आणि ज्याने उभ्या हयातीत नाटकात हवालदाराशिवाय दुसरं काम केलं नाही तो दिनकरराव एकटा शाल पांघरून उभा राहणार! अण्णासाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बरं, चित्रफीत नव्हती असंही नाही. त्यांची मुलगी अबोली तेव्हा शाळेत होती. तिने मामाचा हँडीकॅम घेऊन सगळं नाटक विंगेत बसून टिपलं होतं. विंगेत बसायचं कारण असं की ऐनवेळी प्रॉम्प्टर आजारी पडला. नटाला शब्द आठवेना की आडोशाहून हळूच पुरवायचं काम कुणीतरी करायला हवंच, म्हणून सुनेत्राबाईंना तिथं बसवलं. घरी तालमीला समोर संहिता धरून त्याच तर बसत होत्या. आईला खेटून बसलेल्या पोरीने जे टिपलं ते नंतर घरच्या कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवलं. हँडीकॅमची कॅसेट मामाने पुढे कुणाच्यातरी लग्नासाठी वापरून टाकली. राहिला तो कॉम्प्युटर, आणि तो बंद पडलेला.

तो बंद पाडला जावयाने, असं घरात सर्वमान्य होतं. अबोलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत जावई आले, त्यांनी फोटो दाखवायला म्हणून पेनड्राईव्ह लावला आणि कॉम्प्युटर जो रुसला तो रुसलाच. जावयाला तोंडावर कोण बोलणार? पण तेव्हापासून ते आले की अण्णासाहेब टीव्हीचा रिमोटसुद्धा उचलून खिशात ठेवत.

अबोली पुण्याला असते. तिने तिथे चौकशी केली. बंद डिस्कमधून फायली काढून देणाऱ्यांचा आकडा ऐकून अण्णासाहेब मटकन खुर्चीत बसले.

“तेवढ्यात दुभती म्हैस येती गं!”

“म्हशीचं दूध तरी मिळतंय,” सुनेत्राबाई आतून म्हणाल्या.

“बाबा, आधी आपण स्वस्तात काय होतंय ते बघू,” अबोली म्हणाली. “कॉम्प्युटर उघडून हार्ड डिस्क काढा. पुस्तकाएवढा लोखंडी डबा असतो. तो बस स्टँडजवळच्या दत्ताकडे न्या. मध्ये दुसरं काहीही करू नका.”

अण्णासाहेबांनी यातलं डबा काढायचं तेवढं नीट ऐकलं. डिस्क काढली. मग मोबाईलवर हिंदीतला एक व्हिडिओ त्यांच्या नजरेस पडला आणि त्यातल्या माणसाने इतक्या आत्मविश्वासाने उपाय सांगितला की अबोलीचं शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यातून साफ उतरलं. संध्याकाळी सुनेत्राबाईंनी मटार काढायला फ्रीजर उघडला तर मटारच्या पिशवीवर दुसरी पिशवी.

“अहो, हे काय ठेवलंय इथं?”

“कॉम्प्युटरचं डोकं हाय ते. तापलं असंल, जरा थंड होऊ दे.”

“मग तुमचंबी ठेवा शेजारी. जागा हाय.”

सुनेत्राबाईंनी हे अबोलीला कळवलं आणि अबोलीने व्हिडिओ कॉल करून बापाची अशी खरडपट्टी काढली की साहेबानेही नोकरीत कधी काढली नसेल. आत पाणी सुटलं तर राहिलंसाहिलंही जाईल, म्हणाली. डिस्क बाहेर आली, पुसली गेली आणि सुकायला म्हणून देवघराशेजारच्या फळीवर जाऊन बसली. तांदळाच्या डब्यात ठेवावी, मोबाईल भिजला की ठेवतात तशी, असं अण्णासाहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं.

दत्ताचं दुकान म्हणजे मोबाईल दुरुस्ती, रिचार्ज आणि सीसीटीव्ही कॅमेरे. कॅमेऱ्यांच्या डिस्क तपासायला त्याच्याकडे एक वायर होती. तिचं एक टोक डिस्कला, एक कॉम्प्युटरला आणि एक विजेच्या बोर्डात. “झालं काम तर द्या काय द्यायचं ते, न्हाई झालं तर चहा पाजा,” असा त्याचा सौदा. अण्णासाहेबांना तो एकदम पटला. अबोलीला फोनवर घेतलं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि दत्ताने डिस्क हातात घेतली. उलटी केली. नाकाजवळ नेली.

“काका, ह्यात तिखट कशानं सांडलं हो?”

“तिखट? कुंकू असंल ते,” अण्णासाहेब सहज म्हणाले.

मग फोनमधून अबोलीचा आवाज आला. “बाबा, डिस्कला कुंकू कसं?”

तेव्हा सगळा खुलासा झाला. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारा-अवजारांची पूजा होते, तशी अण्णासाहेब कॉम्प्युटरची करत. आधी आपली वरवरची, कॉम्प्युटरच्या खोक्यावर बोटभर कुंकू आणि झेंडूचं एक फूल. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला. वरून गंध लावून आतल्याला काय पोचतं, असा विचार त्यांच्या मनात आला. सगळी अक्कल त्या लोखंडी डब्यात असते, असं कचेरीतला ऑपरेटर म्हणाला होता. मग अण्णासाहेबांनी पेच काढले, डब्याच्या वायरी उपटल्या, त्याला पाटावर बसवून हळद, कुंकू, अक्षता यथासांग वाहिल्या, श्रीफळ फोडून त्यातलं पाणीही चार थेंब शिंपडलं, आणि वायरी पुन्हा दाबून बसवल्या. प्रसाद वाटला. त्यानंतर कॉम्प्युटर कुणी लावलाच नाही, थेट दिवाळीला जावयाने लावला तोवर.

“म्हणजे आमच्या ह्यांनी काहीच केलं नव्हतं!” अबोली ओरडली. “इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या हातात रिमोट देत नाही!”

“देतो ना आता,” अण्णासाहेब पुटपुटले.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. पण कॉम्प्युटर बंद पडल्यावर त्याला बरं वाटावं म्हणून अण्णासाहेबांनी पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला आणखी मनोभावे पूजा केली होती. वायर जिथे बसते त्या खाचेत हळदीकुंकवाचे थरावर थर चढून दगड झाले होते. दत्ताने जुन्या टूथब्रशने आणि सॅनिटायझरने ते मऊ केले, शेजारच्या स्टेशनरीतून खोडरबर आणलं आणि पिवळ्या पट्ट्या घासून घासून लख्ख केल्या. खाचेतून एक अख्खा तांदूळ निघाला. दत्ताने तो अण्णासाहेबांच्या तळहातावर ठेवला. अण्णासाहेबांना तो कुठे टाकावा कळेना, कारण अक्षता पायदळी जाऊन चालत नाही. शेवटी त्यांनी तो शर्टाच्या खिशात घातला.

वायर लावली. डिस्क आतून गुरगुरली आणि फिरू लागली. अण्णासाहेबांनी चटकन हात जोडले. पडद्यावर एक पाटी उमटली. डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं ती विचारत होती. आता ज्या माणसाने आयुष्यभर समोर आलेल्या कागदावर ‘करण्यास हरकत नाही’ लिहून सही ठोकली, त्याचा हात माऊसकडे जाणार नाही तर काय होणार?

“हात लावू नका!” अबोली एवढ्या जोरात किंचाळली की बाटलीला टेकलेला फोन आडवा झाला. “फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, बाबा!”

अण्णासाहेब दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले, आणि काम संपेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

मग अबोलीने सांगितलं तसं दत्ताने केलं. आधी डिस्कवर आहे नाही ते सगळं दुकानातल्या एका मोकळ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मग त्या नकलेवर एक फुकटचं सॉफ्टवेअर सोडलं. ते काम मोठं रेंगाळलेलं. अबोली ऑफिसच्या मीटिंगला निघून गेली. दत्ताची गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन उतरलं तेव्हा कुठे फायली बाहेर पडू लागल्या. पण त्यांची नावं गेली होती. नुसते आकडे उरले होते. एकेक उघडून बघायची. अबोलीचा दहावीचा अभ्यास निघाला, मुंडकी कापलेले सत्यनारायणाचे फोटो निघाले, मामाच्या मित्राच्या लग्नाची वरात निघाली. अण्णासाहेबांचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक फायलीला ते “हीच असंल” म्हणत आणि प्रत्येक वेळी वरातच निघे.

आणि मग एकदम पडद्यावर कंदिलाचा उजेड दिसला. ट्रंक दिसली. पांढऱ्या मिशा चिकटवलेला एक म्हातारा बाजूने दिसला.

“हाच! हा मी!” अण्णासाहेब उठून उभे राहिले. मोबाईलचं कव्हर घ्यायला आलेला एक माणूसही कौतुकाने पुढे सरकला.

कॅमेरा विंगेत असल्यामुळे अण्णासाहेब लांबून आणि एका बाजूनेच दिसत होते. आवाज मात्र अगदी कानाशी बोलल्यासारखा येत होता, आणि तो सुनेत्राबाईंचा होता. नाटकातलं प्रत्येक वाक्य आधी त्या म्हणत आणि मागोमाग लांबून अण्णासाहेब. त्या “पोरी, चहा घेतलास का?” म्हणाल्या की बापाची सगळी काळजी त्यात उतरे. आणि मग अण्णासाहेब तेच वाक्य तगाद्याची नोटीस वाचल्यासारखं म्हणत. अण्णासाहेबांना आधी वाटलं, मशीनचा काही दोष असेल.

मग तो प्रसंग आला. मुलगी ट्रंक उचलून वळली. अण्णासाहेब उभे राहिले.

“जा बाळ. उंबरा ओलांडताना मागं बघू नको,” सुनेत्राबाई कुजबुजल्या. “मागं बघितलंस तर मी तुला जाऊ देणार नाही.”

अण्णासाहेब ढिम्म. सुनेत्राबाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. अण्णासाहेबांचे ओठ चिकटलेलेच. आणि मग तिसऱ्यांदा सुनेत्राबाई बोलल्या, पण ते आता शब्द पुरवणं नव्हतं. त्या समोर निघालेल्या पोरीशीच बोलत होत्या. आवाज फाटत गेला, ‘जाऊ देणार नाही’ला तर अगदी तुटला, आणि आडोशाबिडोशाची पर्वा न करता सरळ नाट्यगृहात शिरला. कुठेतरी एक बाई हुंदका देताना ऐकू आली. आणि मग टाळ्या. कडकडाट, अण्णासाहेब सांगत होते अगदी तसाच. त्यांचं तोंड अजून बंद होतं. चेहऱ्यावर करुण रस वगैरे काही नव्हता. शेवटची एस.टी. डोळ्यांदेखत निघून गेलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

“काकू काय बोलल्या हो!” दत्ता म्हणाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले. तो माणूस कव्हर विसरून उभा होता.

त्या दिवशी रंगमंचावर कानांत नुसती घूं घूं ऐकू येत होती, हे अण्णासाहेबांना आता आठवलं. शब्द आठवत नव्हता, हेही आठवलं. टाळ्या मात्र तेव्हाही ऐकू आल्या होत्या.

“दत्ता,” ते हळूच म्हणाले, “तेवढा तिचा आवाज काढता येतोय का रे?”

“बघू की.” दत्ताने खटपट केली आणि तो तुकडा पुन्हा लावला. पोरगी ट्रंक घेऊन वळली. म्हातारा उभा राहिला. उभाच राहिला. काही म्हणजे काही झालं नाही, आणि मग एकाएकी टाळ्या पडल्या. दत्ताने डोकं खाजवलं. “काका, आता टाळ्या कामून पडल्या तेच कळंना गेलंय.”

अण्णासाहेबांनी त्याला आधीची होती तशीच चित्रफीत मोबाईलमध्ये घालून द्यायला सांगितली, त्याच्या हातावर समाधान होईल एवढे पैसे ठेवले आणि ते चालत घरी आले. रस्त्यात ओळखीच्या दोघांनी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

सुनेत्राबाई भाकरी थापत होत्या.

“सापडली का?”

“सापडली.” ते स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसले. “तुला ठाऊक होतं?”

सुनेत्राबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. “मी बोलले तर मला ठाऊक नसंल व्हय?”

“मग इतकी वर्षं मी गावभर सांगत हिंडायलोय, तर एकदा म्हणायचं न्हाई?”

“कशाला? टाळ्या आल्या त्या आपल्याच घरात आल्या की. आन तुमी इतकं रंगून सांगायलात, मधीच कुठं तोडायचं?”

अण्णासाहेबांना राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं. शेवटी त्यांनी जे विचारलं ते त्यांना स्वतःलाही नवं होतं. “तू कदी काम कामून केलं न्हाईस नाटकात?”

“कोणी इचारलंच न्हाई,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “तुमी म्हणालात, समोर धरून बस. बसले.”

त्या हे काही तक्रार म्हणून बोलल्या नव्हत्या. पीठ संपलंय म्हणावं तसं बोलल्या, आणि म्हणूनच अण्णासाहेबांना ते फार लागलं. महिनाभर रोज संध्याकाळी ही बाई त्यांच्यासमोर बसून बाप झाली होती, मुलगी झाली होती, सावकारही झाली होती. आणि त्यांनी तिला विचारलं होतं ते एवढंच, की मिशा कुठल्या बऱ्या दिसतील.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. भगवानराव.

“अण्णासाहेब, सापडली का हो? उद्या पत्रिका छापायलोत. तुमाला एकट्याला घ्यायचं का सामूहिकमधी, तेवढं सांगा.”

सापडली नाही म्हणणं सोपं होतं. दत्ताला गप्प करता आलं असतं. हातात फूल घेऊन रांगेत उभं राहिलं की झालं, किस्सा शाबूत राहिला असता, आणखी कित्येक बारशांना पुरला असता. मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला.

“पाठवायलो,” अण्णासाहेब म्हणाले. “पण एकटं मला घेऊ नका. माझ्या जागी सुनेत्राचं नाव छापा.”

“वहिनींचं? त्या कुठं होत्या नाटकात?”

“चित्रफीत ऐका, कळंल.”

“अहो, पण छापू काय? प्रॉम्प्टरचा सत्कार करायची पद्धत न्हाई आपल्यात. नावाखाली काय लिहू?”

अण्णासाहेब अडले. सवयीने त्यांची मान स्वयंपाकघराकडे वळली. भाकरी थापायचा आवाज थांबला होता. सुनेत्राबाई दोन्ही हात परातीत तसेच ठेवून ऐकत होत्या. सगळं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं, आणि नवऱ्याला कुठला शब्द हवाय तो त्यांच्याजवळ नव्हता असं तर मुळीच नाही. पण त्या काही बोलल्या नाहीत.

“अण्णासाहेब? ऐकायलात का?”

“नट लिहा,” अण्णासाहेब म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुन्हा नीट सांगितलं, “नट, म्हणून लिहा भगवानराव. आमच्या घरात नट तीच हाय.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास बाहेरपर्यंत आला. ती उलटायला कुणाचाच हात गेला नाही.